आडव्या रेघा

पहिल्याच भेटीत शांतवनमामांनी माझ्यासमोर स्वतःच्या पापणीचा एक केस उपटला, काडीच्या टोकाला चिकटवला आणि म्हणाले, "सर, हे आपलं हत्यार. बाजारात न्हाई मिळायचं." काचेच्या सुरीने कापलेला स्नायूचा काप पाण्यावर तरंगत असे, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ. तो न फाटता तांब्याच्या जाळीवर ढकलायला पापणीच लागे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नगर-मनमाड रस्त्यालगतच्या आमच्या संशोधन केंद्रात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, आणि काप करायचं काम मामांकडे आलं. शिक्षण दहावी नापास. देवळाली प्रवराहून सायकलने येत, डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करत. पाण्यावरचा काप चंदेरी दिसला तर ठेवायचा. सोनेरी दिसला तर जाड झाला, टाकून द्यायचा. "जगाला सोनं लागतंय, आपल्याला चांदी." पडद्यावर स्नायूतले प्रथिनांचे धागे उमटले की मला कोपराने ढोसत. "ह्यो जाड धागा, ह्यो बारीक. मधी हे हात बघा. धरत्यात, वढत्यात, सोडत्यात. भावाभावाला जमंना ते ह्यास्नी जमतंय!"

मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. ओढकाम करणाऱ्या बैलांच्या स्नायूंत मला धाग्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा सापडल्या होत्या. बसून खाणाऱ्या बैलांत त्या नव्हत्या. कष्टाने धाग्यांची रचनाच बदलते, असा माझा दावा. मार्गदर्शक खूश होते. प्रबंध टायपिंगला गेला होता.

त्याच आठवड्यात मामा मायक्रोस्कोपवर काढलेल्या फोटोची एक निगेटिव्ह घेऊन आले.

"सर, रागावू नका. त्या रेघा बैलाच्या न्हाईत. माझ्या सुरीच्या हायेत."

"म्हणजे?"

"कामाच्या बैलांचे तुकडे आपुन गळीत हंगामात कापले. भाईरनं उसाचा ट्रक गेला की टेबल थरारतंय, सुरी थरारती, कापावर रेघ उठती. बसक्या बैलांचे पावसाळ्यात कापले हुते, तवा कुठले ट्रक? म्या तोच तुकडा काटकोनात फिरवून कापला. स्नायू फिरला, रेघा हाय तिथंच. बघा की."

मी निगेटिव्ह उजेडात धरली. धागे फिरले होते. रेघा जागच्या हलल्या नव्हत्या.

"बघतो," म्हणालो आणि ती खिशात घातली. एकच प्रत होती. घरी जाऊन स्टोव्हवर जाळली. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधातले रेघांचे फोटो पाहताच विचारलं, "तुकडा फिरवून कापून पाहिलात?" मी म्हणालो, "काप आमचे मामा करतात. त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही."

मामांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. "सर, म्या दिल्ती की निगेटिव्ह. तुमी खिशात घातली."

"कधी, मामा? नीट आठवा. कुठे नोंद आहे का?"

नोंद नव्हती. माझ्याजवळ दिली म्हणूनच ठेवली नव्हती. एवढ्यावर थांबलो असतो तरी सुटलो असतो. पण मी पुढे म्हणालो, "हल्ली मामांच्या फारसं लक्षात राहत नाही." मार्गदर्शक हसले. मामा माझ्याकडे बघतच राहिले, मी कुठलीतरी अनोळखी भाषा बोलत असल्यासारखे.

त्यांना सुरीवरून काढून मोरीवर बाटल्या धुवायला बसवलं. मला सहा महिने मुदत मिळाली. रेघा वगळून प्रबंध केला, डॉक्टर झालो, नोकरीत कायम झालो. रोज त्या मोरीवरून जावं लागे. वर्षभर मामा मान वर करत नव्हते. मग नमस्कार करायला लागले. पुढेपुढे तर मला बघून ओशाळल्यासारखे हसायचे. मी समजलो, विसरले. बरं वाटलं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. मी देवळालीला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, मावशींनी, चहा पुढे केला.

"तुमी आला, लई बरं झालं सर. शेवटाला ह्यांचं सारखं त्येच चाललं हुतं. म्हनायचे, निगेटिव्ह दिल्याचं मला सपान पडलं असंल. मीच सांगायचं इसरलो. माझ्यापायी सरांचं नुकसान झालं. त्यांची माफी माग म्हनायचे माझ्यावतीनं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कप खाली ठेवला.

"जाऊ द्या, मावशी," मी म्हणालो. "मी केव्हाच माफ केलंय त्यांना."