पोटी आणि पैकी

छापखान्यात तिला सगळे शंकाकाकू म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने शंका घ्यायची नाही, तर मग घ्यायची कुणी? दूधवाल्याचं माप, कंडक्टरची सुटी नाणी, डॉक्टरचं अक्षर, कशावरच तिचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो एकट्या थोरल्या भावावर. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिने कर्ज काढलं तेव्हा दादा एका शब्दाने काही न विचारता जामीन राहिला होता. म्हणून तर हप्ते थकले तेव्हा तिची झोप उडाली ती कर्जाने नव्हे, वसुलीवाला दादाच्या दारात जाईल या धास्तीने.

वसुलीवाला मोठा गोड माणूस. इतकं ताई-ताई करणाऱ्याच्या पोटात काही तरी काळंबेरं असणार, हे तिने पहिल्याच भेटीत ताडलं होतं. त्याने तडजोड सुचवली: निम्मे एकरकमी भरा, बाकीचे सोडून देतो, जामीनदाराच्या वाटेला जाणार नाही. तिने लेखी मागितलं. त्याने सही-शिक्क्याचं पत्र आणलं. ‘थकबाकीपोटी पूर्ण व अखेरची रक्कम’ असं त्यात स्पष्ट होतं, आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुकाही होत्या. चुकांच्या कागदावर भागवायचं तिच्या जिवावर आलं. तिने लाल शाईने खुणा केल्या, त्या कागदाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि पत्र नव्याने टाइप करून मागितलं.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ पत्र आलं. छापखान्याचा शिरस्ता असा, की दुसऱ्या मुद्रितात आपण सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्यात का, तेवढंच बघायचं. तिने तेवढंच बघितलं. अकराच्या अकरा झाल्या होत्या. तिने पैसे भरले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

तीन महिन्यांनी उरलेल्या रकमेची नोटीस आली. तिने पत्र काढलं आणि या खेपेला सबंध वाचलं. ‘थकबाकीपैकी निम्मी रक्कम’! पोटीचं पैकी झालं होतं, ‘पूर्ण व अखेरची’ गायब होतं. जिथे तिची खूण नव्हती, नेमका तिथेच हात मारला होता मेल्याने. जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारल्या आणि स्वतःच्या कागदाचा अर्थ वाचला नाही, म्हणून ती स्वतःवरच चडफडली.

पण पहिलं मुद्रित छापखान्यातलं माणूस कधी फेकत नाही. लाल खुणांचं ते सहीचं पत्र घेऊन तिने वसुलीवाल्याचं ऑफिस गाठलं आणि कागद हातातून न सोडता त्याच्यासमोर धरला. तो जराही गडबडला नाही. त्याने पंखा वाढवला, पाणी मागवलं.

“कशाला तसदी घेतलीत, ताई? खातं बंद झालं. तुमच्या दादांनी परवाच भरले ना.”

तिला ही नवी थाप वाटली. त्याने पावती दाखवली. खाली दादाची सही होती.

तिथून ती तडक दादाच्या दुकानात गेली. तो कुलपांच्या किल्ल्या घासत बसला होता. मी तडजोडीचे पैसे कधीच भरले होते, मला एकदा विचारायला काय झालं होतं, असं तिने धाप लागलेली असतानाच विचारलं.

दादाने कानस खाली ठेवली. “तो म्हणाला, तू छदामही दिला नाहीस. मला वाटलं, नसतील तुझ्याकडे. विचारलं असतं तर तुला ओशाळं झालं असतं.”

तिने पत्र पुढे केलं. ही सही, हा शिक्का, हे बघ ‘पोटी’. दादाने खिशातला चष्मासुद्धा काढला नाही.

“असू दे गं,” तो म्हणाला. “तुझ्यामाझ्यात कागद कशाला?”

एरवी या वाक्याने तिचा ऊर भरून आला असता. आज मात्र ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो विश्वास ठेवतोय की नुसती समजूत घालतोय, हे तिला काही केल्या कळेना. दादाचीही शंका यावी, याचं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वाच,” कागद तसाच धरून ती म्हणाली. “दादा, तू आधी हे वाच.”