भाऊंनी न फेकलेली बशी

राउंडअबाऊटच्या गोल चौकातून भाऊ पहिल्या फेरीत कधीच बाहेर पडायचे नाहीत. आपलं वळण आलं की "एक राउंड अजून" म्हणायचे आणि ते वळण सोडून पुन्हा गोल फिरायचे. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये जिथे जाल तिथे राउंडअबाऊट. त्यामुळे त्यांच्या गाडीतून ऑफिसला जाणं म्हणजे सकाळी सकाळी जत्रेतल्या चक्रात बसणं होतं. मी नवी होते, मला गाडी येत नव्हती, आणि लिफ्ट फुकट होती. दाराची मूठ घट्ट धरून बसायचे.

"भाऊ, वळण चुकलं का?" एकदा धीर करून विचारलं.

"चुकेल कसं? रोजचा रस्ता आहे. एक राउंड अजून, की निघालोच."

मी तेव्हा पंचविशीची, ते पन्नाशीचे. या वयात माणसं गाडी अशीच चालवत असणार, असं मी ठरवून टाकलं. तुम्ही त्या गाडीत असतात तर माझ्याआधी तुमच्या लक्षात आलं असतं की भाऊंचं लक्ष रस्त्याकडे नसायचंच. आमच्या गावात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेने लाल वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. भाऊ त्या वाटांवरच्या मुलांकडे बघत असायचे. काळ्या केसांचा, सावळा, उंच मुलगा पाठमोरा दिसला की त्याचा चेहरा दिसेपर्यंत ते गोल फिरत राहायचे. चेहरा दिसला की इंडिकेटर लावून मुकाट्याने बाहेर पडायचे.

भाऊ हे त्यांचं नाव नव्हे. आम्ही मराठी माणसं त्यांना तसं म्हणायचो. ते ऐकून आमचे जपानी साहेब हायाशी त्याला जपानी आदराचं 'सान' जोडून त्यांना 'भाऊसान' म्हणू लागले, आणि मग इंग्रज मंडळींनीही तेच उचललं. कंपनी जपानी, कॉपी मशीनचे सुटे भाग विकायची. भाऊ अकाउंट्समध्ये, मी ऑर्डर्समध्ये. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलाचं लिहिते, कारण ते नाव कुणाच्या तरी तोंडी राहावं एवढीच त्यांची इच्छा होती. समीर.

समीर नॉटिंगहॅमला इंजिनिअरिंग शिकत होता. दुसऱ्या वर्षी ख्रिसमसला घरी आला आणि म्हणाला, मी परत जाणार नाही. भाऊ चिडले. कुठलाही बाप चिडेल तेवढेच, जास्त नाही. "इथे बसून काय करणार आहेस? जा मग तुला हवं तिकडे," असं म्हणाले. तो वर गेला, स्पोर्ट्स बॅग घेऊन खाली आला आणि दार ओढून घेऊन गेला. भाऊंना वाटलं मित्राकडे जाईल आणि जेवायच्या वेळी येईल. समीरची आई, म्हणजे आमच्या वहिनी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटीवर होत्या. त्या आल्या तेव्हा तो गेलेला होता. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पोलिसांनी चहा घेतला, फोटो घेतला आणि सांगितलं, "ही इज ॲन अडल्ट, सर." म्हणजे त्याला हरवायचं असेल तर तो हरवू शकतो.

हे मला भाऊंनी नव्हे, वहिनींनी सांगितलं. सांगताना त्या मटार सोलत होत्या आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मला तेव्हा त्या कठोर वाटल्या होत्या. 'मी घरी असते तर' हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही.

भाऊ अधूनमधून शनिवारी नॉटिंगहॅमला जायचे. सोमवारी गाडीत बसल्यावर मी विचारायचे, "काय भाऊ, काही कळलं?" ते म्हणायचे, "बाजार छान भरतो गं तिथे. वांगी मिळाली." खरंच मागच्या सीटवर वांगी असायची. त्यातली दोन मला मिळायची. त्या वांग्यांची भाजी मला कधी गोड लागली नाही.

पुढे समीरला जाऊन बारा वर्षं होत आली. तुम्हाला माहीत असेल, आपल्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दिवस करतात. वहिनींच्या भावाने पुण्यात गुरुजींना विचारून ठेवलं होतं. वहिनींचं ठरलं होतं. अडत होतं ते भाऊंपाशी.

"मला एकदा मोकळेपणी रडायचंय हो," एका संध्याकाळी माझ्यासमोरच वहिनी त्यांना म्हणाल्या. "इतकी वर्षं रडायची चोरी. डोळे पुसले तरी तुम्ही म्हणता, तो काय मेलाय का? मग काय करू मी? ना इकडचं ना तिकडचं."

"जपानला जाऊन येतो," भाऊ म्हणाले. "आलो की सांगतो."

कंपनी दर वर्षी वसंतात इथल्या एक-दोघांना जपानच्या मुख्य ऑफिसात पाठवायची. त्या वर्षी आमचे नंबर लागले. हायाशीसान आमच्याबरोबर होते. मीटिंगा संपल्यावर त्यांनी आम्हाला हौसेने आपल्या मुलखात नेलं, मिकाताच्या बाजूला. तिथे एका डोंगराच्या माथ्यावर बाग आहे. वर जायला चेअरलिफ्ट. तारेला टांगलेली एकेकट्याची खुर्ची, पाय खाली लोंबकळत, आणि खाली फुललेली झाडं. माझ्या पुढच्या खुर्चीत भाऊ सूट-टाय घालून, मांडीवर हात ठेवून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे बसले होते. मला हसू आवरेना.

वर पोचलो आणि माझं हसू थांबलं. एका अंगाला खाली पाच तळी पसरलेली. काहींत समुद्राचं खारं पाणी शिरतं, काहींत गोडं, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा, असं हायाशीसान सांगत होते. एक जवळजवळ हिरवं, एक गडद निळं, एक पुसट. दुसऱ्या अंगाला नुसता समुद्र, नजर पोचेल तिथवर. मी एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं. मी भाऊंना दाखवायला वळले, तर भाऊ दोन्हीकडे पाठ करून उभे. ते चेअरलिफ्टमधून वर येणारी माणसं बघत होते.

"अहो भाऊ, इकडे बघा तरी!"

"बघतो, बघतो. इथे एक बरं आहे. येणारा प्रत्येक माणूस समोरून दिसतो. एकेकटा. पाठमोरं कुणी नाहीच."

"भाऊ, इथे कशाला येईल तो?"

"कुठेतरी असेलच ना गं," ते म्हणाले. "ते कुठेतरी मग इथे का नसावं?"

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. एकेक खुर्ची येत होती. म्हातारी बाई, टोपीवाला मुलगा, कॅमेरावाले काका. भाऊ प्रत्येकाला मान लववत होते, आणि तीही बिचारी यांना मान लववून पुढे जात होती. त्यांना वाटलं असावं, बागेने स्वागताला माणूस ठेवलाय.

तेवढ्यात हायाशीसान तिघांसाठी तीन बश्या घेऊन आले. भाजलेल्या मातीच्या, तळहाताएवढ्या, आपली पणती ठोकून चपटी केली तर दिसेल तशा. तिथली रीत अशी की बशीवर मनातली इच्छा लिहायची आणि कठड्यावरून तळ्यांच्या दिशेने जोरात फेकायची. बशी फुटली की अडचण गेली, इच्छा सुटली. हायाशीसानांनी मुलीच्या परीक्षेचं लिहिलं. मी घराच्या मॉर्गेजचं लिहिलं. भाऊंनी पेन घेतलं आणि पटकन, जणू कधीपासून तयारच होतं असं, देवनागरीत एकच शब्द लिहिला. समीर.

"व्हॉट इज द विश, भाऊसान?"

"जस्ट द नेम," भाऊ म्हणाले.

हायाशीसानांची बशी छान लांब गेली. माझी खालच्या झुडपात अडकली. मग भाऊ कठड्याशी गेले. हात वर नेला आणि तसेच राहिले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात खाली आला.

"मातीचं आहे गं हे," ते हळूच म्हणाले.

मला तेव्हा कुठे उमगलं.

"वडिलांच्या वेळी मी खांद्यावरून मडकं टाकलंय. मागे बघू नकोस म्हणाले होते सगळे, मी बघितलं नाही. फुटल्याचा आवाज तेवढा ऐकला. आता त्याच्या नावाचं मी फोडू? माझ्या हातानं?"

मागे शाळेतल्या मुलींची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात बशी. भाऊ बाजूला झाले आणि पहिलीला म्हणाले, "आफ्टर यू." तिने फेकली, टाळ्या वाजल्या. भाऊ दुसरीला म्हणाले, "आफ्टर यू." मग तिसरीला. त्या मुली लाजून हसत, वाकून आभार मानत होत्या, आणि प्रत्येक बशीबरोबर भाऊ पापण्या मिटून घेत होते. रांग संपली. "आफ्टर यू" म्हणायला कुणी उरलं नाही. भाऊंनी रुमाल काढला, बशी त्यात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

खाली उतरल्यावर मी हायाशीसानांना बाजूला घेऊन समीरचं आणि मडक्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. पार्किंगमध्ये ते भाऊंसमोर गेले आणि कमरेत वाकले ते उठेनातच. भाऊ गांगरले, तेही वाकले. दोन प्रौढ माणसं बस आणि मोटारींच्या मधे एकमेकांसमोर वाकून उभी.

"व्हेरी गुड व्ह्यू, हायाशीसान," भाऊ वाकल्या वाकल्या म्हणाले. "फर्स्ट क्लास व्ह्यू."

त्यांनी तो पाहिलाच नव्हता. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

आम्ही परत आलो त्या रविवारी मी फोटो द्यायला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. "तळी सुंदर आहेत," म्हणाल्या. मग एका फोटोवर थांबल्या. "तुम्ही कुठे बघताय हो?" भाऊंनी रुमाल सोडून बशी टेबलावर ठेवली. ही काय आहे ते मी थोडक्यात सांगितलं. फार सांगावं लागलं नाही. वहिनींनी नाव वाचलं आणि बराच वेळ बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"फेकली नाहीत."

"नाही."

"म्हणजे पुण्याला जायचं नाही."

"मला नाही जमणार गं," भाऊ म्हणाले. "तू म्हणशील ते करीन, पण हे नाही जमणार."

वहिनींनी कप उचलले, सिंकमध्ये ठेवले आणि नळ पूर्ण सोडला. नळ चालू होता आणि त्या कप धूत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. मला भाऊंचा राग आला, स्पष्टच सांगते. डोंगरावर ज्या माणसासाठी मी रडले होते, त्याच माणसाची आशा त्या बाईला जगू देत नव्हती. आणि तरी, भाऊंनी त्या दिवशी हो म्हटलं असतं तर ते मला सहन झालं नसतं. तुम्ही असतात तर कुणाची बाजू घेतली असतीत? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. वहिनी भांडल्या नाहीत, पुण्याच्या भावाला फोनवर "यांची तब्येत बरी नसते" एवढंच सांगत राहिल्या. पुढे ते खरं झालं. भाऊ रिटायर झाले आणि वर्षाच्या आतच हार्ट अटॅकने गेले.

क्रेमॅटोरियमच्या चॅपेलमध्ये आम्ही वीसेक माणसं होतो. लेस्टरहून गुरुजी आले होते. इथे चिता नाही, प्रदक्षिणा नाही. शवपेटी समोर, तिच्याभोवती पडदा, आणि मुलाने बटण दाबायचं, तोच अग्नी. मेडनहेडहून भाऊंचा पुतण्या आला होता. इथेच जन्मलेला, भला मुलगा, काळ्या सुटात कानकोंडा होऊन उभा. मंत्र संपले. गुरुजींनी विचारलं, "कोण करणार?" पुतण्या पुढे झाला.

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, त्यांना एकदा शेवटचं दर्शन घ्यायचंय. त्या जागच्या हलल्या नाहीत. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मागे कुणीतरी खाकरलं. बाहेर पुढच्या लोकांच्या गाड्या लागल्याचे आवाज येऊ लागले. क्रेमॅटोरियमचा काळ्या कोटातला माणूस आत डोकावून गेला.

पुतण्या त्यांच्याजवळ वाकला. "काकू, आपला टाइम संपली. बाहेर दुसरा फॅमिली वेट करतोय. मी दाबू का? इज दॅट ओके?"

"आपण हे गेल्याचं पेपरात दिलंय ना?" वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, कामाचं विचारावं तसा. "नॉटिंगहॅमच्या पण दिलंय ना?"

"हो, काकू."

"मग वाचलं असेल त्याने. निघाला असेल. या वेळेला एम-वनवर ट्रॅफिक असतं."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांनी जिला दिवस करून मोकळं व्हायचं होतं, ती ही बाई. मी वहिनींचा हात धरला. तो गार होता. काळ्या कोटातला माणूस पुन्हा आला, या वेळी आत येऊन उभा राहिला. गुरुजींनी पुतण्याला मान हलवून खूण केली आणि त्याने बटण दाबलं.

पडदा दोन्ही बाजूंनी हळूहळू मिटत गेला. आम्ही सगळे हात जोडून समोर बघत होतो. वहिनी खुर्चीत वळून दाराकडे बघत होत्या.