लालासाहेबाची लाँच

कोयनेच्या भूकंपात घर पडलं, तेव्हापासून आमचा शेजारी लालासाहेब छपराखाली झोपेना. फौजेत गोळ्यांना न भ्यालेला गडी, पण भांडं वाजलं तरी अंगणात पळायचा. शेवटी म्हणाला, "जमिनीवर ऱ्हायाचंच न्हाई!"

धरणाच्या जलाशयात एक जुनी मोटार लाँच विकायला होती. त्यानं तळाच्या फळ्या चाकूनं टोचून बघितल्या. लाकूड टणक निघालं. दोघांना झोपायला, स्टोव्हला जागा होती. फेरी मारून त्यानं भर पाण्यात इंजिन बंद केलं आणि खाली सोडायला नांगर उचलला.

सोबत आलेली बायको लीलाबाई भडकली, "आवं, ह्यो रुतनार कशात? खाली आपलीच बुडाल्याली जमीन हाय न्हवं?"

वाऱ्यानं लाँच धरणाच्या भिंतीकडं सरकत चालली, तरी त्याच्या हातून नांगर सुटेना.