तिसऱ्या सेटचे पाय

टेनिस क्लबात तिला सगळे 'दीड' म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणी कबूल करत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने तिचा खेळ नीट पाहिला होता एवढं खरं. तीन सेटच्या सामन्यातला पहिला सेट ती असा खेळायची, की बघणाऱ्यांच्या हातातला चहा निवून जावा. दुसरा सेट अर्ध्यावर येईपर्यंतही तोच थाट. आणि तिथून पुढे कोणीतरी आतला दिवा मालवावा तसं व्हायचं. चेंडू जाळ्यात, चेंडू रेषेबाहेर, नको तिथे हळूच टाकलेला ड्रॉप शॉट. तिसरा सेट म्हणजे नुसती उरकाउरक. सकाळी ती क्लबातल्या लहान मुलांना शिकवायची, तीही तिला 'दीडताई' म्हणायची, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं गोड लागायचं की रागवायचीही सोय नव्हती.

वय एकतिसाला टेकलं होतं. क्लबाने मुलांची मुख्य प्रशिक्षक म्हणून पूर्णवेळ जागा देऊ केली होती. हंगाम संपला की हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं की स्पर्धा बंद. स्पर्धा सोडायला तिची तशी ना नव्हती. कधीतरी सुटायच्याच होत्या. पण जाताना कपाळावर एक शिक्का घेऊन जायचं तिच्या जिवावर आलं होतं: ऐनवेळी कच खाणारी बाई. लोक म्हणतात त्याचं काही नाही, लोक पावसालाही नावं ठेवतात. तिचं दुखणं निराळं होतं. तिला स्वतःलाच ते पटलं होतं.

पटायला कारण होते तिचे बाबा. बाबांनी जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलं. क्लबाचा रूळ, जाळ्याचे खांब, फाटकाची बिजागरी असलं काहीबाही ते फुकटात दुरुस्त करून द्यायचे, म्हणून दुपारच्या उन्हात रिकामं पडलेलं मागचं कोर्ट बापलेकीला मिळायचं. बाबांनी तिचे फटके अक्षरशः मशीनवर घडवल्यासारखे घडवले. बादलीभर चेंडू घ्यायचे, एकेक टाकायचा आणि तिने खडूच्या चौकोनात मारायचा. "मापात हवं गं, मापात," एवढंच त्यांचं प्रशिक्षण. असा मापातला हात असूनही पोरगी हरते म्हणजे गडबड मनात आहे, हा त्यांचा हिशोब. ते तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी श्वास मोजायला शिकवलं, आरशासमोर उभं राहून 'मी शांत आहे' म्हणायला लावलं. आरशातली बाई शांत असायची. कोर्टावरच्या बाईशी तिची ओळख कधी झाली नाही.

अशात तिची नणंद महिनाभर राहायला आली. नणंदेच्या घराची फरशी उखडून ठेवली होती. ही नणंद अग्निशमन दलात नव्या भरतीच्या जवानांकडून कसरत करून घ्यायची. आवाज एवढा मोठा, की ती स्वयंपाकघरात मीठ मागायची आणि शेजारची मीठ घेऊन यायची.

नणंदेसाठी नवी गादी मागवली होती, स्प्रिंगची, जाडजूड. नेमकी त्याच दिवशी लिफ्ट बंद. नवरा दुकानात अडकलेला. दोघींनी गादी उचलली आणि पाचव्या मजल्याकडे निघाल्या. वळणावर गादी अडकायची, तिरकी करायची, पुन्हा ढकलायची. चौथ्या मजल्यावर दीड मटकन पायरीवर बसली.

"वहिनी, काय झालं?"

तिने नुसता हात वर केला. बोलायला छातीत हवा नव्हती.

"अगं, तू खेळाडू ना? माझ्याकडची पोरं अशी बसली तर मी त्यांना आईकडे पाठवून देते."

दीड भिंतीला टेकली. तोंडात गंजक्या लोखंडासारखी चव आली होती. मांड्या दुसऱ्याच कोणाच्या असाव्यात तशा झाल्या होत्या. डोक्यात एकच घोकणी चालली होती: लवकर संपू दे, कसंही का होईना, लवकर संपू दे. आणि हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. अगदी जवळच्या ओळखीचं.

"मला आत्ता तिसऱ्या सेटमध्ये होतं तसं होतंय," दम लागलेल्या आवाजात ती म्हणाली.

"म्हणजे काय? भीती वाटते?"

"तेच ना. इथे कसली भीती?"

"गादीची असेल," नणंद म्हणाली. "नव्या गाद्या फार रागीट असतात."

दीड हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते थांबेना. समोर प्रतिस्पर्धी नव्हती, पंच नव्हते, कोणी गुण मोजत नव्हतं, कुंपणाशी उभे राहिलेले बाबा नव्हते. होता फक्त जिना. आणि तरी सगळं तसंच्या तसं झालं होतं. इतकी वर्षं ती ज्याला आपला भित्रेपणा समजत होती, तो कदाचित नुसता दम होता. गाडी चढावर बंद पडली की माणूस आधी इंजिन उघडून बघतो. इथे सगळ्यांनी मिळून ड्रायव्हरचा स्वभाव तपासत बसायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा नणंदेने सरळ विषयालाच हात घातला.

"काका, हिला पळायला किती लावायचात हो तुम्ही?"

"लावायचो की. चूक झाली की कोर्टाला एक फेरी. आमचा नियमच होता तसा, सूट नाही."

"आणि चुका किती व्हायच्या?"

बाबांची छाती फुगली. "चुका? हिच्या? अगं, माझ्या हाताखालचे कारागीर एवढे नेमके नव्हते. दिवसच्या दिवस जायचे, एक फेरी पडायची नाही."

नवऱ्याने ताटाकडे बघायचा बहाणा केला. बाबांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"म्हणजे पोरगी पळालीच नाही की," ते म्हणाले.

खरंच पळाली नव्हती. पळणं ही शिक्षा, आणि ती गुणाची मुलगी. बरं, अंगाने ती पहिल्यापासून काटकीसारखी. बारीक माणूस दमतो असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. पोट सुटलेलं असतं तर कोणीतरी केव्हाच बोललं असतं.

"मग आता चुकत जा गं रोज," बाबा म्हणाले. विनोद करायचा म्हणून म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती नणंदेबरोबर अग्निशमन केंद्राच्या आवारात जायला लागली. तिथे सरावासाठी नुसत्या जिन्यांचा एक उंच मनोरा होता. घर नाही, खोली नाही, फक्त जिने. पाण्याने भरलेला जाड पाइप खांद्यावर घेऊन पटांगणभर ओढायचा, मग मनोरा चढायचा, मग पुन्हा पाइप. भरतीतली पोरं पहिल्या दिवशी तिच्याकडे आदराने बघत होती, टेनिस खेळणाऱ्या बाई म्हणून. दुसऱ्या मजल्यावर तिने कठड्यावरून ओकल्यावर तो आदर बराच कमी झाला आणि ती त्यांच्यातलीच झाली.

"वहिनी, जोरात नको," नणंद खालून ओरडायची. "बोलता येईल एवढंच पळ. बोलता आलं नाही तर हळू हो."

"काय बोलू?"

"दादाच्या तक्रारी सांग. मनोरा पुरायचा नाही."

आणि खरंच ती तक्रारी सांगत चढायची. ओला टॉवेल पलंगावर, डब्याचं झाकण गायब, फोन कायम सायलेंट. पहिले काही आठवडे तक्रारी दुसऱ्या मजल्यावर संपायच्या. मग तिसऱ्यावर. पुढेपुढे ती गच्चीवर पोचून खाली यायला लागली तरी सासरच्या मंडळींचा विषय चालूच असायचा, आणि नणंद म्हणायची, "पुरे, आता मलाच राग येतोय."

खेळ मात्र आधी बिघडला. दंड भरून आलेले, पाय जड झालेले. हंगामातल्या दोन स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत हरली, तीही सरळ दोन सेटमध्ये. क्लबात कोणीतरी म्हणालं, आता 'दीड' म्हणायचीही सोय राहिली नाही. बाबा रात्री फोन करून नवऱ्याला विचारायचे, "हे बरोबर चाललंय ना रे? होता तो हातही जायचा." नवरा म्हणायचा, "बाबा, ती जेवायला लागलीये. मला तेवढंच कळतं." ते खरं होतं. पूर्वी सामन्याच्या दिवशी ती अर्ध्या केळ्यावर राहायची. आता ताटातलं संपवून दुसऱ्याच्या ताटाकडे बघायची.

हंगामातली शेवटची स्पर्धा मोठी होती. मुख्य फेरीत यायला आधी पात्रता फेऱ्या जिंकाव्या लागत. शेवटच्या पात्रता फेरीपर्यंत ती याआधीही कितीदा आली होती, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या सेटमध्ये परत फिरली होती. या वेळी समोर लांब वेणीची एक तरुण मुलगी होती. सर्व्हिस बंदुकीच्या गोळीसारखी.

पहिला सेट दीडने घेतला. त्याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. दुसरा टायब्रेकमध्ये गेला आणि तिने तो गमावला. त्याचंही नाही. बाबा उठले आणि कुंपणापलीकडे जाऊन कोर्टाकडे पाठ करून उभे राहिले. तिसरा सेट ते कधीच बघत नसत.

खुर्चीवर बसून टॉवेलने मान पुसताना ती आपल्या आत कान देत होती. आता येईल. ती लोखंडाची चव, ती घोकणी. ती उठली, खेळायला लागली आणि वाट बघत राहिली. एक गेम, दुसरा, तिसरा. चव आली नाही. चेंडूकडे धावल्यावर पाय चेंडूच्या आधी पोचत होते, आणि आधी पोचलं की मारायला वेळ मिळत होता, आणि वेळ मिळाला की बाबांनी घडवलेला तो हात आपलं काम करत होता.

चार-चार बरोबरी असताना एक रॅली लांबली. इतकी लांबली, की शेजारच्या कोर्टावरचे लोकही माना वळवून बघायला लागले. आणि मग त्या वेणीवाल्या मुलीने एकदम, काही कारण नसताना, चेंडू हळूच जाळ्याजवळ टाकला. दीडला तो फटका बघून आतून काहीतरी ओळख पटली. हा डावपेच नव्हता. हे 'लवकर संपू दे' होतं. वर्षानुवर्षं तिने स्वतः तोच फटका मारला होता आणि सगळ्यांनी त्याला घाबरटपणा म्हटलं होतं. ती धावली, पोचली, आणि चेंडू मोकळ्या कोपऱ्यात ठेवून दिला. पलीकडे ती मुलगी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभी होती. दीडला तिची दया आली, पण ती तिने सामन्यानंतरसाठी ठेवली.

त्या गुणावर तिने मुलीची सर्व्हिस मोडली होती, पाच-चार; आता फक्त स्वतःची सर्व्हिस राखायची होती. आणि तेव्हा भीती आली. अगदी वाजतगाजत आली. चेंडू वर टाकताना वाकडा गेला, डबल फॉल्ट झाला. तिला वाटलं, संपलं, म्हणजे सगळे म्हणत होते तेच खरं. पण रॅली सुरू झाली आणि पाय आपले निघाले. भीती वाटत होती आणि पाय धावत होते. दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आधी भीती जाईल आणि मग जिंकता येईल. भीती कुठे गेली नव्हती. कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती, बसू दे.

शेवटचा चेंडू त्या मुलीकडून बाहेर गेला. दीडला क्षणभर कळलंच नाही की आता अजून पळायचं नाहीये.

टाळ्या ऐकून बाबा वळले. आधी त्यांना वाटलं, दुसऱ्या कोर्टावर काहीतरी झालं. मग ते कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहिले. ती जवळ आली.

"घाबरली होतीस?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग?"

"मग काय, पळत राहिले."

बाबांनी मान हलवली, खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. तो चष्मा चांगलाच मळला असावा, कारण बराच वेळ पुसत होते.

मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात ती हरली. मानांकित खेळाडू होती समोरची, तिसऱ्या सेटपर्यंत ताणलेला सामना शेवटी तिने घेतला. हात मिळवून दीड कॅन्टीनमध्ये आली तेव्हा नवरा नेहमीसारखा जपून बसला होता. हरल्यावर काय बोलायचं नाही याची त्याला इतक्या वर्षांत चांगलीच सवय झालेली. त्याने तिचं ताट पुढे सरकवलं.

"अरे, तिची दुसरी सर्व्हिस बघितलीस?" तिने घास तोंडात ठेवूनच सुरुवात केली. "बाहेर वळते. अशी." तिने मिठाची बाटली आडवी ठेवली, ती रेषा. चमचा म्हणजे ती स्वतः. "मी इथे उभी होते, त्यामुळे चेंडू माझ्यापासून लांब जायचा. तिसऱ्या सेटमध्ये मला कळलं, पण तोवर तीही सावध झाली होती. बाई हुशार आहे हं."

नवरा बघतच राहिला. हरण्याबद्दल ती एवढं कधी बोलली नव्हती. पूर्वी हरली की दोन दिवस घरात दारं हळू लावावी लागत.

"म्हणजे ती चांगली खेळली म्हणून हरलीस," तो सावधपणे म्हणाला.

"मग काय तर. मी ठीक होते. पाय अजूनही ठीक आहेत." तिने चमचा मिठाच्या बाटलीपासून जरा मागे सरकवला. "पुढच्या वेळी इथे उभी राहीन."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"पुढच्या महिन्यात नवा हंगाम सुरू होतोय, त्यातली पहिली स्पर्धा. क्लबाला अजून नाही म्हणून कळवायचंय," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातली पोळी उचलली.