हात खरेदीत येत नाहीत

"हिला आधी बाहेर काढा," साहेब म्हणाला. माझ्याकडं न बघता. शेठला.

काळेवाडीतली पत्र्याची शेड. मोठ्या कंपनीला लागणारे लोखंडी पार्ट आम्ही बाया तेजाबात बुडवून त्यांचा गंज काढायचो. कंपनीचा साहेब माल तपासायला आला होता. मी पुढं केलेल्या पार्टला रक्त लागलं होतं. माझ्याच बोटाचं. साहेबानं तो रुमालात धरला नि बाजूला टाकला.

"माल घाण करतात ह्या बाया."

शेठनं मला संडासाच्या भिंतीमागं बसवलं. साहेब जाईपर्यंत पुढं यायचं नाही.

तेजाबानं आमची नखं पिवळी पडलेली. पेरांना भेगा. जेवताना चटणी लागली की जीव जायचा. हातमोजे मागितले की शेठ म्हणायचा, कंपनीला स्वस्त माल पाहिजे, मी कुठून देऊ? माझा दीर त्याच कंपनीत कायम होता. तिथं आत तेच पार्ट हातमोजे घालून उचलत.

भिंतीपलीकडं चहा आला. साहेब हसत होता. मी दीक्षा घेतलेल्या घरातली. बाप सांगायचा, कुणापुढं मान खाली घालू नको. आणि मी संडासामागं, मान खाली घालून.

उठले. सरळ टेबलापाशी गेले. दोन्ही हात मालाशेजारी ठेवले.

"साहेब, हे बी तपासा."

शेठ ओरडला. साहेबानं खुर्ची मागं सरकवली.

"हात आमच्या खरेदीत येत नाहीत."

"मग माल काय झाडाला लागतो?"

हमीदाबी होती. माझ्या शेजारी काम करायची. तिचा चढा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. तिनंही हात टेबलावर ठेवले.

साहेब गाडीत बसून गेला. शेठनं आम्हा दोघींना तिथल्या तिथं काढलं. कंपनीच्या गेटवर दाद मागायला गेलो. उत्तर आलं, "तुम्ही आमच्या कामगार नाही."

पुढं शेडमध्ये हातमोजे आले म्हणे. साहेब यायचा असला की वाटायचे. तो गेला की काढून घ्यायचे.

मला आता कुठल्याच शेडमध्ये उभं करत नाहीत. शेडना जेवणाची सुट्टी झाली की मी नि हमीदाबी त्यांच्या दारोदार जातो, बायांशी बोलतो. काही तोंड फिरवतात. काही थांबतात. सगळ्या शेड एकदम बंद पडल्या, तर कंपनीला मालच मिळणार नाही. मग साहेबाला आमच्याशी बोलावंच लागेल.

तो दिवस मी आणणार.