उमरावतीला फुलकांडी ओढायला

मी एकदा मनात घेतलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. दूर कुठंतरी गोऱ्यांची लढाई लागली म्हणे, अन् आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या बाजारात बाया मी दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून केलेल्या साध्या मण्यांना हातही लावेनात. प्रत्येकीला पोटात फूल असलेला मणी हवा! त्याला लागते काचेची फुलकांडी. तिचा काप मण्यावर बसवला की फूल उमटतं. ती करणारे करीमचाचा राहतात उमरावतीला.

आमचे हे गाडीवान. म्हणाले, "दिव्यापुढं डोये फोडन्यापरीस बंद कर ते मनी. दुसरी बैलजोडी घेऊ."

"एक डाव उमरावतीले न्या. नाही जमलं तं मीच दिवा इझवीन."

बोलून गेले खरी, पण तो दिवा माझ्या आईचा.

कोणाला जायचं असेल तर सांगते, पहाटेच निघा. ऊन चढलं की रस्ताभर कापसाच्या गाड्या, नाकातोंडात धुरळा अन् बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस. मूर्तिजापूरला मुक्काम केला. बैलांचा कडबा आमच्या जेवणाहून महाग पडला. पण गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी, अहाहा! त्यासाठी मी पुन्हा धुरळा खाईन. हे वाटभर तोंड फुगवून होते, म्हणून मी बैलांशीच बोलत गेले.

उमरावतीत पोचलो तर चाचांची भट्टी थंड.

"कांडी बंद हाय, बेटी. बीवी गेली. दुसरं टोक कोन धरंल?"

कांडी ओढायला दोघं लागतात, हे मला कुठं ठाऊक! मी यांच्याकडं पाहिलं. यांनी बैलांकडं पाहिलं.

"दोघं शिकत असान तं भट्टी पेटवतो," चाचा म्हणाले. "एकटीले शिकवून काय उपेग?"

हे उठले. "एकच डाव. मंग निघाचं."

चाचांनी पांढऱ्या कांडीभोवती लाल कांड्या लावल्या, वर हिरवी काच चढवली, तापवून मऊ गोळा केला. दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या चिकटवल्या. एक माझ्या हाती, एक यांच्या. उलट्या पावलांनी मागं सरकायचं. गुळाच्या पाकासारखी तार सुटू लागली अन् यांनी बैल हाकल्यासारखा हिसका दिला. तुटली!

"तूच थांबली!"

"तुमीच पयाले!"

चाचा खो खो हसले. "काचीकडं पाहूच नोका. एकमेकाइकडं पाहा."

मला वाटलं, संपलं आता. पण हेच म्हणाले, "अजून एक."

अंतरपाट दूर झाल्यापासून इतका वेळ आम्ही एकमेकांकडं पाहिलं नव्हतं. आधी लाज वाटली, मग हसू आलं. यांनाही आलं. अंगणाच्या दोन टोकांना पोचलो तेव्हा मधे सरळ, लांब कांडी होती. चाचांनी टोक खुडून दाखवलं. आत लालचुटूक फूल. मला रडूच फुटलं.

आता आमच्या परसात लहानशी भट्टी आहे. दिवा चालू आहे. हे अजून कापूस वाहतात अन् दुसऱ्या बैलजोडीचं टुमणं काही सोडत नाहीत. आम्ही भांडलो की कांडी कुठं जाड, कुठं बारीक निघते, अन् बाजारात बाया लहानमोठी फुलं पाहून गालात हसतात.

काल मी रुसले होते, बोलायचंच नाही ठरवलं होतं. संध्याकाळी यांनी बैल बांधले, हात धुतले, दुसरी सळी उचलली.

"बोलू नोको पायजे तं," म्हणाले. "पन माह्याकडं पाह्य."