कळमजाईच्या डोंगरावर नेलेली काठी

खरं सांगतो, त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं. देवाशीच काय, कुणाशीच नव्हतं, कारण बोलायला आवाजच उरला नव्हता. घशातली गाठ काढली, जीव वाचला, पण आवाज आता असाच घोगरा राहणार म्हणून डॉक्टरांनी सांगून टाकलं. अवसरी बुद्रुकच्या भजनी मंडळात जन्मभर पुढं बसून गायलो, आणि आता घरात पाणी मागितलं तरी आमची मंडळी आतून विचारायची, "काय घासताय हो?" फोनवर तर लोक रेंज नाही म्हणून ठेवून द्यायचे. देवघरापुढं बसायचो खरा, पण मनात एकच यायचं. एवढ्या मोठ्या अंगात तुला नेमका माझा गळाच सापडला का रे?

माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जुन्नरचे एक निवृत्त गुरुजी मोटर न्यायला आले होते. त्यांना हौशी रेडिओचा नाद. परवाना काढायचा, वायरलेस सेटवरून हाक मारायची आणि लांबच्या अनोळखी माणसांशी गप्पा हाणायच्या, असा हा छंद. माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "तुम्ही या आमच्यात. तिथं सगळेच खरखरतात." मला राग आला होता, पण परीक्षा दिली, परवाना मिळवला. घरी सेट लावला की मात्र गावातल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी त्यात गुणगुणायच्या, उत्तर काही यायचं नाही. गुरुजींनी उंच डोंगरावर जायला सांगितलं. मी मनाशी ठरवलं, डिंभ्याच्या पुढं कळमजाई देवीचा डोंगर आहे, तिथून हाक मारायची. तिथूनही माझं बोलणं कुणाला कळलं नाही, तर सेट गुरुजींना देऊन टाकायचा आणि उरलेलं आयुष्य खाणाखुणांवर काढायचं.

तयारी आठवडाभर चालली. सेट आणि अँटेनाची तार पिशवीत मावले. तार उंच ताणायला बांबू हवा, म्हणून लांब कळक तासून घेतला. राहिली बॅटरी. ती धोंड्यासारखी जड. मला ओझं उचलायची बंदी आणि मंडळींचे गुडघे दुखरे, त्यामुळं बॅटरी कोण नेणार यावर रोज भांडण. शेवटी "आई बघंल काय ते" म्हणून हिनं सेटला हळदकुंकू लावलं, नवीन ट्रॅक्टरला लावतात तसं. कळकाचं टोक कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून त्याला जुन्या साडीचा लाल काठ गुंडाळला. काठ जरीचा होता. इथंच घोळ झाला.

मंचरला एसटी काही आली नाही. देवीला निघालेल्या बायांचा एक पिकअप थांबला. हिला गुडघ्यांमुळं ड्रायव्हरशेजारी बसवलं, मी मागं चढलो. कळक बघताच एक म्हातारी आजी ओरडली, "आईची काठी हाय! सरका गं, जागा द्या." आमच्याकडं नवस फेडायला देवीला लाल कापडाची काठी नेतात. ती जमिनीला टेकवायची नसते. धरणाऱ्यानं अनवाणी चालायचं आणि दुसरं काही उचलायचं नाही. मी घसा ताणून सांगायला लागलो, की आजी, ही रेडिओची आहे. आजी कौतुकानं म्हणाली, "मौन हाय वाटतं त्येंचं. लई कडक नेम!" मी मान हलवून नाही म्हटलं. बायांनी कळकाला कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या बांधल्या. डिंभ्याच्या पुढं पायथ्याला उतरलो तर कुणीतरी हलगी वाजवायला सुरुवात केली.

आता तरी ही खरं सांगेल, म्हणून मी मंडळींकडं बघितलं. पण तोवर एका धडधाकट बाईनं बॅटरी डोक्यावर घेतली होती. ही हळूच म्हणाली, "गप चला. बॅटरी चाललीय."

मग काय, मी अनवाणी, हातात काठी, पुढं हलगी. डोंगर चढताना लाज वाटत होती, पायात खडे टोचत होते, आणि देवीला फसवतोय याची भीती तर विचारूच नका. वर देवळाशी पोचलो आणि आजी काठी देवीला भेटवायला लागली, तेव्हा मला राहवलं नाही. हिचा हात धरून हिला आजीसमोर उभी केली. हिनं रडवेली होऊन सगळं सांगून टाकलं. हलगी थांबली.

"मंग आधी न्हाई का सांगायचं?" आजी म्हणाली.

"हे मघापासून तेच सांगतायत! ऐकू जातंय का कुणाला?"

आधी आजी हसली, मग सगळ्याच बाया. हसू ओसरल्यावर आजी म्हणाली, "आईच्या दारी आली, आता ती आईची. खाली न्यायची न्हाई. तुमची तार खुशाल बांधा." मी हात जोडले आणि काठी देवीला देऊन टाकली. देवळाशेजारी ती रोवली, तिच्यावरून तार ताणली आणि हाक मारायला बसलो. नुसती खरखर. पुन्हा मारली. ही पदराचं टोक चावत बसलेली. मी तिसऱ्यांदा मारली. मग खरखरीतून रत्नागिरीकडचा कुणी माणूस बोलला, "आवाज स्वच्छ येतोय हो तुमचा. बोला, बोला."

ही ढसाढसा रडायला लागली. त्या माणसाचा आवाजही माझ्यासारखाच घासलेला येत होता. मी बोललो, पाऊसपाण्याचं, भाताचं, आणि तो प्रत्येक गोष्टीला उत्तर देत गेला. शेवटी म्हणाला, "बोलण्यात ठेका आहे तुमच्या. भजनबिजन म्हणता काय?" रेडिओवर गाणं म्हणायला बंदी आहे. मी तेवढंच सांगितलं, आभार मानले, सेट बंद केला आणि देवीपुढं जाऊन बसलो.

गायलो. किती महिन्यांनी गायलो. बायांनी मागं धरलं. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज फाटकाय, पर सूर सोडीत न्हाई."

हा चमत्कार की योगायोग, मी कधी कुणाशी वाद घातला नाही. गेलेला गळा काही परत मिळाला नाही, आणि आता तो मी मागतही नाही. जो आहे तो तिच्यापुढं ठेवला, तिनं तो घेतला, यातच माझं पोट भरलं. या गुरुवारी भजनाला गेलो, पुढंच बसलो आणि टाळ हातात घेतला.